एक्स-रे नॉर्मल होता, हाड मोडलेलं होतं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गहू भरले. दरवर्षीसारखेच. तीन दिवस गच्चीवर ऊन दाखवायचं, निवडायचे, हाताला एरंडेल घेऊन चोळायचे आणि डब्यात भरायचे. शेवटचा डबा कोपऱ्यात सरकवताना कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, कट् असं काहीतरी झालं. आवाज आला की नुसतं जाणवलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी पडले नाही, कुठे आपटले नाही. डबा सरकवला, उभी राहिले आणि भिंत धरली.

हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचे सहा आठवडे प्रत्येक डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "पडलात का?" मी "नाही" म्हटलं की फ्रॅक्चरचा विचार तिथेच संपायचा.

आम्ही वाईचे. सुरुवातीला घरात सगळ्यांनी उसण भरली असं धरलं. निर्गुडीचा पाला गरम करून शेकलं, तेल लावलं, दोन दिवस पडून राहिले. उताणी पडून राहिलं की बरं वाटायचं. कूस बदलायची म्हटलं की मात्र जीव कळवळायचा. खुर्चीतून उठायचं तर आधी दोन्ही हातांनी टेबल धरायचं, श्वास रोखायचा आणि मग उठायचं. चालताना पाऊल वीतभरच पडायचं. रात्री बाथरूमला जायचं म्हणजे पलंगापासून दारापर्यंत चार थांबे. मी वयाची चौसष्ट वर्षं पुरी केलेली बाई आहे, दोन बाळंतपणं झालेली आहेत, दुखणं म्हणजे काय ते मला कळतं. हे नेहमीचं दुखणं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला. "मणक्यांची थोडी झीज आहे, वयाप्रमाणे असते. फ्रॅक्चर वगैरे काही नाही." पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितले. उताणं झोपून पाय वर उचलायचे, मग पाय दुमडून कंबर वर उचलायची, दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की दिलेला गृहपाठ पूर्ण करायचा. मी तो दोन आठवडे पूर्ण केला. एकही वेळ चुकवली नाही. आता विचार केला की अंगावर काटा येतो, पण तेव्हा वाटायचं की दुखतंय म्हणजे मीच कुठेतरी कमी पडतेय.

महिन्याभराने दुसरीकडे दाखवलं. पुन्हा एक्स-रे, पुन्हा नॉर्मल. तिथले डॉक्टर चांगल्या शब्दांत म्हणाले, "मनावर घेऊ नका, थोडं चालतं-फिरतं राहा." घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, दोन्ही रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला धीरच द्यायचा होता. पण त्या 'ना' मध्ये काय होतं ते मला कळलं. सून माझ्या हाताखाली राबत होती, हे रोज रात्री गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचे, आणि तरी मला वाटायला लागलं की घरातल्या सगळ्यांचा माझ्यापेक्षा त्या काळ्या फिल्मवर जास्त विश्वास आहे. पुढे पुढे मी कण्हणं बंद केलं. रात्री कूस बदलताना पदर तोंडात धरायचे.

मेच्या शेवटी मुलगी पुण्याहून आली, मला उठताना एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून घेऊन गेली. मागच्या सीटवर तीन उशा, त्यांवर मी अर्धवट आडवी. खंबाटकीचा बोगदा कधी आला-गेला मला कळलं नाही, रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मात्र कळला.

पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आधी मला पालथं झोपवलं. अंगठ्याने एकेक जागा दाबत गेले. कमरेच्या मणक्यांवर काही नाही. त्याखाली, दोन्ही नितंबांच्या मधल्या त्रिकोणी हाडाच्या डाव्या बाजूला दाबलं आणि मी ओरडले. उजव्या बाजूला दाबलं, तिथेही. त्यांनी विचारलं, "काकू, कधी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का?" मला दमा आहे. धाप वाढली की आठवडा-पंधरा दिवस त्या गोळ्या घ्यायच्या, असं गेली बारा-तेरा वर्षं चाललेलं. सहा आठवड्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, "मग पडायची गरजच नाही." अशा गोळ्यांनी हाड आतून विरळ होतं, आणि विरळ झालं की रोजच्याच भाराने त्याला बारीक तडा जाऊ शकतो. ह्या त्रिकोणी हाडाला त्रिकास्थी म्हणतात. पाठीच्या कण्यावरून उतरलेलं सगळं वजन इथे दोन बाजूंना वाटलं जातं आणि खुब्यांमार्गे पायांत जातं. ते हाड वक्र असतं, त्याच्यासमोर आतड्यातल्या वायूची सावली पडते, आणि तडा गेला तरी तुकडे जागचे हलत नाहीत. त्यामुळे साध्या एक्स-रेत तो बहुतेक वेळा दिसतच नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे ह्याचा अर्थ एक्स-रेला दिसलं नाही, एवढाच घ्यायचा," असं ते म्हणाले. मुलीने ते वाक्य मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मला ते लिहून घ्यावं लागलं नाही.

अशा दुखण्याला सहसा आधी एमआरआय करतात. पण मला नऊ वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे, तोही एमआरआय न चालणारा. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: 'बोन स्कॅन, स्पेक्ट-सीटीसह'.

बोन स्कॅन हे शब्द मी ऐकलेले होते. आमच्या गल्लीत एका बाईंचा कॅन्सर हाडांत पसरला का ते पाहायला तो केला होता, आणि पुढे चार महिन्यांत त्या गेल्या. मी मुलीला काही विचारलं नाही. पण त्या रात्री मला वाटत राहिलं की ह्या लोकांना काहीतरी संशय आहे आणि तो मला सांगत नाहीयेत. मुलगी स्वयंपाकघरात हळू आवाजात फोनवर बोलत होती. ती मोलकरणीशी बोलत होती हे मला नंतर कळलं, पण तेव्हा मी अंधारात कान देऊन पडले होते. हे लिहिते आहे कारण तपासणीला जाणाऱ्या बहुतेकांना ही भीती असते आणि बहुतेक जण ती बोलून दाखवत नाहीत. सरळ विचारावं. मी दोन दिवस विचारलं नाही आणि दोन रात्री झोपले नाही.

वेळ मंगळवारी सकाळी दहाची मिळाली. फोनवर सांगितलं होतं, "उपाशी यायचं नाही, नाश्ता करून या. मोठी पाण्याची बाटली आणा. मंगळसूत्र, बांगड्या घरी ठेवा."

न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सर्गी औषध देऊन तपासणी करणारा, विभाग तळघरात होता. जाड दार, दारावर पिवळ्या पाटीवर ते तीन पाकळ्यांचं चिन्ह, आणि खाली मराठीत सूचना: गरोदर असल्यास आधी सांगा. आतल्या माणसांच्या खिशाला छोटे बिल्ले लावलेले. त्यांच्या अंगावर किती किरण पडले ते त्या बिल्ल्यांवरून मोजतात.

माझ्या बाबतीत पहिली चित्रं सुई देतानाच घ्यायची होती, म्हणून इंजेक्शन यंत्राच्या टेबलावरच दिलं. एक तरुण तंत्रज्ञ शिशाची डबी घेऊन आला. डबी आपल्या हळदी-कुंकवाच्या करंड्याएवढी, पण त्याच्या मनगटावर तिचं वजन दिसत होतं. आतून निघालेल्या सिरिंजला जाड धातूचं कवच होतं, मधे बारीकशी काच, तिच्यातून दिसणारं औषध पाण्यासारखं. दोन चमचेसुद्धा नसेल.

"काकू, घाबरू नका. अंग गरम होणार नाही, मळमळणार नाही. सीटीचं इंजेक्शन असतं तसं हे नाही."

"काय आहे मग?"

"टेक्नेशिअम."

"त्रेचाळीस," मी म्हणाले.

तो थांबला. मी म्हटलं, "अणुअंक." एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी.

आवर्तसारणी शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायचे की मेंडेलीव्हने मँगनीजच्या खालची एक चौकट मोकळी सोडली होती. तिथे बसणारं मूलद्रव्य कोणालाच सापडेना. ते सापडलं १९३७ साली, इटलीतल्या पालेर्मोमध्ये. अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे अणूंतल्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, मारा खाल्लेली मॉलिब्डेनमची एक पट्टी तिकडे पाठवली होती, तिच्यात पेरिए आणि सेग्रे ह्या दोघांना ते मिळालं. माणसाच्या हातून घडलेलं पहिलं मूलद्रव्य, म्हणून ग्रीक भाषेतून 'कृत्रिम' अर्थाचं नाव. इतकी वर्षं ती चौकट मी खडूने भरत आले. आता तेच माझ्या उजव्या हाताच्या शिरेत चाललं होतं. मला एकदम बरं वाटलं. ओळखीचं कोणीतरी सोबत आहे, असं.

त्या मुलाला बोलायला आवडलं असावं, कारण नंतर त्याने बरंच सांगितलं. हे टेक्नेशिअम फार टिकत नाही, सहा तासांत निम्मं होतं. साठवून ठेवता येत नाही. म्हणून मॉलिब्डेनम भरलेला एक छोटा शिशाने मढवलेला नळा विभागात आणून ठेवतात. मॉलिब्डेनमचा अर्धायुकाल सहासष्ट तासांचा. ते क्षय पावत जातं तसं टेक्नेशिअम तयार होतं, आणि सकाळी नळ्यातून मिठाचं पाणी सोडलं की तेवढं धुऊन बाहेर येतं. "आम्ही म्हणतो गाईचं दूध काढलं," तो म्हणाला. "आठवड्यात गाय आटते, मग नवी." माझ्या माहेरी गोठा होता, मला हे लगेच पटलं. भारतात असे नळे पुरवायचं काम नवी मुंबईत, वाशीला असलेली अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' ही संस्थाही करते, आणि परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. म्हणजे माझ्या लहानपणापासून आपल्याकडे हे चालू आहे, आणि विज्ञानाची शिक्षिका असून मला त्याची काहीच कल्पना नव्हती.

टेक्नेशिअम एकटं हाडात जात नाही. त्याला 'एमडीपी' नावाच्या फॉस्फेटसारख्या एका रसायनाला बांधतात. वाट माहीत असते ती त्या रसायनाला, टेक्नेशिअम नुसता त्याच्या हातातला कंदील.

सुई दिल्यावर पहिलं मिनिटभर रक्त कुठे किती धावतं त्याची चित्रं घेतली, मग पाचेक मिनिटांनी आणखी एक. जिथे ताजी इजा असते तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, तो ह्यात दिसतो. मग मला सांगितलं, "आता तीन तास बाहेर बसा. पाच-सहा ग्लास पाणी प्या, लघवीला जात राहा. एक वाजता बोलावतो." तेवढा वेळ औषध हाडांत मुरायला लागतो, आणि न मुरलेलं मूत्रपिंडांवाटे बाहेर पडावं लागतं. इंजेक्शन घेतलेल्यांसाठी बसायची खोली वेगळी, स्वच्छतागृह वेगळं. मुलीला माझ्याजवळ बसू दिलं नाही.

त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. माझ्या शेजारी बार्शीकडची एक बाई होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, तुमचं कुठलं?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "वाईचं."

ती म्हणाली, "तसं नव्हं. माझं डावं." आणि हात छातीकडे नेला.

मग मला कळलं. मी म्हणाले, "माझं अजून कळलेलं नाही." तिने मान हलवली आणि माझी बाटली रिकामी झालेली पाहून आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. तिची ही तिसरी वेळ. तिनेच मला सांगितलं की ते यंत्र तोंडाच्या अगदी जवळ येतं तेव्हा डोळे आधीच मिटून घ्यायचे, उघडे ठेवले तर दचकायला होतं. आणि मिनिटं मोजायची नाहीत. "नाव घ्यावं देवाचं, येळ जातो." तिच्याबरोबर कोणी आलं नव्हतं. भाऊ संध्याकाळी येणार होता. तिला माझ्या आधी आत नेलं, आणि नंतर आमची चुकामूक झाली. तिचं नावही मी विचारलं नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

एक वाजता मला घेतलं. यंत्र म्हणजे दोन मोठे चौकोनी चपटे पाट, एक अंगावर, एक खाली, मधे जेमतेम अंगाच्या रुंदीचं टेबल. एमआरआयसारखी ठकठक नाही की बंद बोगदा नाही. शांत. सगळ्यात कठीण गोष्ट एकच: माझं जिथे मोडलं होतं, नेमका त्याच हाडावर सगळा भार घेऊन कडक टेबलावर न हलता पडून राहायचं. त्या मुलाने गुडघ्यांखाली जाड उशी दिली, हात बाजूला पट्ट्याने बांधले. वरचा पाट चेहऱ्यावर आला, नाकापासून चार बोटांवर. मी डोळे मिटलेले होते. बार्शीच्या बाईने देवाचं नाव घ्यायला सांगितलं होतं, पण माझ्या तोंडात आलं हायड्रोजन, हेलिअम, लिथिअम. झिंकपर्यंत गेले, पुढे गडबडले, पुन्हा पहिल्यापासून. टेबल इतकं हळू सरकतं की सरकतंय हे कळत नाही. वीसेक मिनिटं लागली.

मान हलवायची नव्हती, पण मधे डोळा किलकिला केला तेव्हा बाजूच्या पडद्यावर चित्र उमटताना दिसलं. आधी काळं. मग एक ठिपका, दहा ठिपके, शेकडो. रांगोळीचे ठिपके कोणीतरी अतिशय घाईने टाकत जावेत आणि त्यांतून बरगड्या उमटाव्यात, तसं. एकेक ठिपका म्हणजे माझ्या हाडातून निघालेला एकेक किरण. यंत्र माझ्यावर काही सोडत नाही. एक्स-रेत किरण बाहेरून आत येतात, इथे ते आतून बाहेर जातात, आणि पाट ते फक्त टिपून घेतो. त्याच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकांची शिशाची जाळी असते. सरळ येणारा किरण तेवढा तिच्यातून पार होतो, मागच्या स्फटिकावर आपटतो, तिथे बारीकसा प्रकाश होतो, त्याचा हा ठिपका.

मग तो मुलगा आला आणि ओशाळून म्हणाला, "काकू, एकदा परत जाऊन यावं लागेल." मी आत येण्याआधी जाऊन आले होते, पण इतकं पाणी प्यायल्यावर मूत्राशय पुन्हा भरलं होतं. औषध लघवीतून जात असल्यामुळे भरलेलं मूत्राशय पडद्यावर दिव्यासारखं लखलखतं, आणि त्याच्यामागेच ते त्रिकोणी हाड. उठायचं, उतरायचं, पंधरा पावलं जायचं, बसायचं, उठायचं, परत चढायचं. मला रडू फुटलं. त्याने घाई केली नाही. माझा दंड धरून माझ्या चालीने चालला, दाराबाहेर थांबला. ज्यांना कमरेच्या हाडांसाठी ही तपासणी करायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं: अगदी टेबलावर चढण्याआधीच्या मिनिटाला जाऊन या.

दुसऱ्या फेरीत पाट माझ्याभोवती गोल फिरले, थोडं थांबत, थोडं सरकत. ते स्पेक्ट. लगेच त्याच टेबलावर तेवढ्याच भागाचा सीटी. पहिलं सांगतं कुठे काहीतरी चालू आहे, दुसरं त्या जागेची बारीक रचना दाखवतं, आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून बघतात. सगळं आटपायला तीन वाजले. ह्या सगळ्याला मला साडेसहा हजार रुपये लागले.

पाच वाजता विभागाच्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. मी तिथे होते, पुढून आणि मागून, पण इथे रंग उलटे: जिथे औषध जास्त साठलं तिथे काळं. कवटी, बरगड्या, कणा, सगळं फिकट करडं. दोन मूत्रपिंडं. डाव्या छातीवर एक छोटी रिकामी जागा, तो पेसमेकर. त्याच्यामागचे किरण त्याने अडवले होते. गुडघे गडद, ती झीज. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक ठिपका. त्याच अंगठ्याने मी एकतीस वर्षं खडू धरला.

आणि मागच्या चित्रात, कमरेच्या खाली, काळंभोर अक्षर. दोन उभ्या रेघा आणि मधून एक आडवी.

"रस्त्यावर होंडाच्या गाड्या बघता ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांच्या नाकावर जो एच असतो, तसाच हा. आम्ही त्याला होंडाची खूणच म्हणतो. हाडाच्या दोन्ही पंखांना उभी चीर गेली आहे आणि मधे आडवी. पुढे डावीकडे, जांघेपाशी, अजून एक आहे." सीटीवर त्यांनी ती दाखवली. केसासारखी रेघ. दाखवल्याशिवाय मला दिसली नसती.

मी तेव्हा विचारलं, "कॅन्सर आहे का?"

त्या लगेच म्हणाल्या, "नाही काकू. पसरलेला आजार असा नेम धरून दोन्ही बाजूंना सारखा बसत नाही. तो इथे-तिथे विखुरलेला असतो. आणि इथे चीर सरळ दिसते आहे."

मी म्हणाले, "मी खोटं बोलत नव्हते." कोणाला म्हणाले मला माहीत नाही. मुलीने माझा हात धरला आणि तिलाच रडू आलं.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट समजावली, ती माझ्या मनात रुतून बसली आहे. पडद्यावर जे काळं दिसत होतं ते मोडणं नव्हे. हाड मोडलं की तिथल्या पेशी नवं हाड घालायला लागतात, आणि हे रसायन त्या ताज्या, नुकत्या घातल्या जाणाऱ्या हाडाला जाऊन चिकटतं. म्हणजे एक्स-रे चीर शोधत होता, आणि ती हलली नव्हती म्हणून त्याला मिळाली नाही. बोन स्कॅनने चीर शोधलीच नाही. त्याने सांधायचं काम कुठे चाललंय ते पाहिलं. सहा आठवडे मला वाटत होतं की माझं शरीर माझ्याविरुद्ध गेलं आहे. ते तिथे रात्रंदिवस लिंपत बसलं होतं, आणि मी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा कंबर उचलून त्याचं काम मोडत होते.

ह्याच कारणामुळे ह्या तपासणीला स्वतःच्या मर्यादाही आहेत. संधिवात, जंतुसंसर्ग, गाठ, ह्या सगळ्यांत हाडाची घडामोड वाढते, आणि मग तिथेही असंच काळं उमटतं. नुसत्या ठिपक्यावरून निदान होत नाही. आकार, जागा, सीटी आणि रुग्णाला हात लावून तपासणारा डॉक्टर, हे सगळं जुळवावं लागतं. म्हाताऱ्या माणसांत मोडल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत स्कॅन केला तर तो कोराही येऊ शकतो, कारण सांधायचं काम अजून सुरू झालेलं नसतं. आणि एमआरआय करता येत असेल तर अशा दुखण्यात डॉक्टर आज आधी तोच सांगतात. माझ्यासारख्या पेसमेकरवाल्यांना मात्र ही वाट माहीत असायला हवी.

किरणांची भीती मला नव्हती असं नाही. माझी काळजी माझ्यासाठी नव्हती. मुलीचा मुलगा दोन वर्षांचा, आणि मला सांगितलं होतं की आजचा दिवस लहान मुलांना फार वेळ कडेवर-मांडीवर घेऊ नका. तो दाराशी येऊन "आजी, आजी" करत होता आणि मी त्याला लांबूनच बोलत होते. रात्री झोप येईना तेव्हा मी गणित केलं. सकाळी दहाला वीस मिलिक्युरी (किरणोत्सर्ग ह्या मापात मोजतात). दुपारी चारला दहा. रात्री दहाला पाच. पहाटे चारला अडीच. उद्या सकाळी दहाला सव्वा, म्हणजे सोळावा भाग, आणि तेही लघवीवाटे गेलेलं न धरता. वर्गात हे गणित किती वेळा फळ्यावर घातलं असेल! उत्तराची इतकी वाट मी कधी पाहिली नव्हती. सकाळी साडेदहाला मी त्याला शेजारी झोपवून घेतलं. मांडीवर बसवता येत नव्हतं, ते कमरेमुळे.

पुढचं थोडक्यात सांगते. ते व्यायाम त्याच दिवशी बंद झाले. वॉकर घेऊन चालायचं, भार हातांवर घ्यायचा, पण अंथरुणाला खिळून राहायचं नाही, कारण पडून राहिलं की हाड आणखी विरळ होतं. रक्तात ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं निघालं. हाडांची घनता मोजली, तीही खूपच कमी. कॅल्शिअम, ड जीवनसत्त्व आणि हाड घट्ट करणारं औषध सुरू झालं, आणि छातीच्या डॉक्टरांनी दम्याची औषधं बदलून गोळ्यांची गरजच पडू नये असं पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री कूस बदलल्यावर लक्षात आलं की पदर तोंडात धरलेला नाही. गौरी आल्या तेव्हा वॉकर सुटला होता. नैवेद्याचं ताट मी उभ्याने वाढलं. बाकी सगळं सुनेने केलं. तिने मला मोदकाच्या परातीजवळही येऊ दिलं नाही.

मुलाने बोन स्कॅनची फिल्म एकदा खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघितली. मग काही न बोलता गव्हाचे सगळे डबे कोपऱ्यातून उचलून ओट्यावर, माझ्या हाताच्या उंचीवर ठेवले.

मागच्या आठवड्यात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. नळाची बादली उचलली तेव्हापासून जांघेत कळ येते, पाय टाकता येत नाही, एक्स-रे नॉर्मल आहे, घरचे म्हणतात चालायची सवय मोडली. मी विचारलं, "पडलात का?" त्या "नाही" म्हणाल्या. मी म्हटलं, "बरं, आता एका बोटाने दाखवता येतं का कुठे दुखतं ते?" पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "हो. येतं." पुण्याच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. गाडीत तीन उशा घ्यायला सांगितल्या आहेत.